विद्यापीठ दूर, विद्यार्थी दारीं

बारावीचा निकाल लागला, कीं सुशिक्षित घरांत कांहीं आठवडे एकच विषय चालतो. कोणत्या कॉलेजांत जागा मिळेल, कोणती शाखा घ्यावी, खर्च किती येईल आणि चार वर्षांनीं नोकरी किती पगाराची लागेल? आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत सर्वजण आपापला सल्ला देतात. प्रवेश निश्चित होतो, फी भरली जाते, पेढे वांटले जातात आणि घर निश्चिंत होतें. या सर्व चर्चेंत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वर्गांतले पांच-सहा तास सोडले, तर उरलेले अठरा तास हा मुलगा अगर ही मुलगी कोणाच्या संगतींत, कोणत्या छपराखालीं आणि कसल्या अन्नावर काढणार? विद्यार्थ्याचें आयुष्य बहुतांशीं त्या अठरा तासांतच घडतें किंवा बिघडतें. आणि त्यांची जबाबदारी कोणत्याच कॉलेजाच्या माहितीपत्रकांत लिहिलेली नसते.

या प्रश्नाचा विचार येथें पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यापुरता करावयाचा आहे. हा पट्टा कारखान्यांचा म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु आज तो तितकाच विद्यार्थ्यांचाही झाला आहे, आणि त्यांतील पुष्कळसे विद्यार्थी आपल्याच गल्लींत, आपल्याच इमारतींत, कधीं कधीं आपल्याच भाडेकरूच्या खोलींत राहत असतात. म्हणून हा विषय केवळ मुलांस कॉलेजांत धाडणाऱ्या घरांचा नाहीं. ज्यांच्या शेजारीं परगांवचीं मुलें येऊन राहिलीं आहेत, त्या घरांचाही आहे.

विद्यापीठ म्हणजे कोठें?

पुण्याचें विद्यापीठ म्हटलें, कीं डोळ्यांपुढें गणेशखिंडींतील ती उंच मनोऱ्याची दगडी इमारत उभी राहते. एके काळीं ती मुंबईच्या गव्हर्नरांची पावसाळ्यांतील कोठी होती. १९४८ सालीं विद्यापीठाचा कायदा झाला; १० फेब्रुवारी १९४९ रोजीं विद्यापीठ स्थापन झालें आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरु झाले. ४११ एकरांचें तें आवार, जुनी गर्द झाडी आणि जयकरांचेंच नांव धारण करणारें ग्रंथालय पाहिलें, म्हणजे विद्येच्या जागीं आल्यासारखें कोणासही वाटेल.

आरंभीं या विद्यापीठाकडे १८ कॉलेजें व सुमारें ८,००० विद्यार्थी होते, आणि त्याचें क्षेत्र मात्र १२ जिल्ह्यांचें होतें. पुढें १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ निघालें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं जळगांवासही स्वतंत्र विद्यापीठ झालें. आतां पुण्याकडे मुख्यतः पुणें, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीनच जिल्हे उरले आहेत. क्षेत्र आटलें, पण संसार फुगत गेला. कॉलेजांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागते, विद्यार्थ्यांची लाखांनीं. २०१४ सालीं विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें.

एवढ्या मोठ्या विद्यापीठाचा सामान्य विद्यार्थी गणेशखिंडींत शिकत नाहीं, राहतही नाहीं. याचें कारण जुनें आहे. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. अभ्यासक्रम आंखणें, परीक्षा घेणें आणि पदवी देणें हें विद्यापीठाचें काम. शिकविणें हें त्यास जोडलेल्या कॉलेजांचें काम. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें विद्यार्थी कॉलेजांतच राहतो, गुरुजनांच्या पंक्तीस जेवतो, आणि त्या सहवासासच शिक्षणाचा एक मोठा भाग मानितात. तो भाग आपल्याकडे आलाच नाहीं. परीक्षा तेवढी आली. पुण्यानें हीच रीत वारशानें घेतली. त्यामुळें आकुर्डीस किंवा राजगुरुनगरास शिकणाऱ्या मुलाच्या गुणपत्रिकेवर विद्यापीठाचें नांव असतें, पण त्या दगडी मनोऱ्याखालीं तो कदाचित् एकदांच जातो: परदेशीं जावयाचें झालें, किंवा एखाद्या दाखल्यावर शिक्का हवा असला, म्हणजे. विद्यापीठ त्यास पदवी देतें. सहवास कोणी द्यावा, हें ठरलेलें नाहीं.

कारखाने आले, मागोमाग कॉलेजें आलीं

पिंपरीचें आजचें रूप समजण्यास थोडें मागें जावें लागेल. १९५४ सालीं येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशांत तयार होऊं लागलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. त्या दशकांत टेल्को व बजाज यांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याभोंवतीं भोसरी-चिंचवडकडे लहान वर्कशॉपांचें जाळें विणलें गेलें. १९७० सालीं पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ सालीं महानगरपालिका. पुढें मोटारींचा धंदा नाशिक रस्त्यानें उत्तरेस सरकला. २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना चाकणास सुरू झाला, आणि इतर नामांकित कंपन्याही त्याच सुमारास तेथें आल्या.

कारखान्यांपाठोपाठ कॉलेजें आलीं. रयत शिक्षण संस्थेचें महात्मा फुले महाविद्यालय पिंपरीस आहे. कामगारांच्या व शेतकऱ्यांच्या मुलांना कला, वाणिज्य व शास्त्र यांचें शिक्षण तेथें मिळतें. १९८३ सालीं वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतां विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी कॉलेजें काढण्यास महाराष्ट्रांत परवानगी मिळाली आणि चित्र पालटलें. पिंपरी, आकुर्डी, निगडी या बाजूस अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधनिर्माण व वैद्यक यांच्या संस्था निघत गेल्या. अभिमत व खासगी विद्यापीठेंही आलीं. ज्या गांवांत पूर्वीं बीड, लातूर, धुळें, बुलढाणा येथून माणसें कामासाठीं येत, त्याच गांवांत आतां त्याच जिल्ह्यांतून मुलें शिकण्यासाठीं येतात. पुष्कळदां एकाच घरांतला मोठा भाऊ चाकणास कंत्राटी कामावर असतो आणि त्याच्याच खोलींत राहून धाकटा डिप्लोमा करीत असतो.

कॉट, डबा आणि बस

या मुलांच्या राहण्याची रीत ‘कॉट बेसिस’ या नांवानें सर्वश्रुत आहे. दोन खोल्या व स्वयंपाकघर एवढ्या जागेंत घरमालक पांच-सहा लोखंडी खाटा मांडतो आणि प्रत्येक खाटेचें निराळें भाडें घेतो. अनामत आधीं भरावी लागते. दोघांत एक कपाट, सर्वांस मिळून एक न्हाणीघर, आणि विजेच्या बिलावरून महिनाअखेरीस वाद. एकास पहाटे उठून अभ्यास करावयाचा असतो, दुसऱ्यास रात्रीं दोन वाजेपर्यंत दिवा हवा असतो. तिसरा दाराशीं उभा राहून मोबाईलवर बोलत असतो. आपल्या घरीं निराळी खोली नसली तरी आई ‘हळू बोला, त्याची परीक्षा आहे’ असें म्हणणारी असते. येथें तसें म्हणणारें कोणी नाहीं. कॉलेजांची वसतिगृहें आहेत. परंतु मागणीच्या मानानें जागा थोड्या, आणि त्यांचा खर्च पुष्कळ घरांस झेंपत नाहीं.

जेवण खाणावळींत, ज्यास मुलें ‘मेस’ म्हणतात, किंवा डब्याचें. दोन पोळ्या-भाज्यांचा तो डबा प्रथम बरा लागतो. तीन महिन्यांत त्याची चव पाठ होते. मग सकाळीं टपरीवरचे पोहे, दुपारीं वडापाव, आणि जेवण एकवेळचें, असा क्रम चालू होतो. घरीं विचारलें तर मुलगा ‘जेवलों’ म्हणूनच सांगतो. गांवाहून आईनें धाडलेला चिवड्याचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी वल्लभनगरच्या एस्. टी. स्थानकावर उतरते, त्या दिवशीं खोलींत सण असतो. पण पांच जणांत तो डबा दोन दिवसही पुरत नाहीं. आणि या सर्वांत वाईट वेळ म्हणजे रविवारची रात्र. बहुतेक खाणावळी रविवारीं संध्याकाळीं बंद असतात. ज्याच्या खिशांत पैसे असतात तो हॉटेलांत जातो. ज्याच्या नसतात तो बिस्किटांवर रात्र काढतो. घराची आठवणही नेमकी त्याच वेळीं येते.

तिसरी गोष्ट प्रवासाची. पुण्याच्या पेठांतून आकुर्डीस, किंवा चाकण-खेडकडून पिंपरीस, रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलांची संख्या लहान नाहीं. लोहमार्गालगत राहणाऱ्यांस १९७८ पासून धांवणाऱ्या पुणें-लोणावळा लोकलचा मोठा आधार आहे. मेट्रो मार्च २०२२ मध्यें पिंपरीपासून फुगेवाडीपर्यंत सुरू झाली, ऑगस्ट २०२३ मध्यें ती दिवाणी न्यायालयापर्यंत आणि सप्टेंबर २०२४ मध्यें स्वारगेटपर्यंत पोंचली. त्यामुळें शहराकडील वाट पुष्कळ सुकर झाली. परंतु चाकणास रेल्वे नाहीं. भोसरी-मोशी-चाकण हा रस्ता कारखान्यांच्या पाळ्या सुटतात त्या वेळीं मालमोटारींनीं व कंपन्यांच्या बसांनीं असा भरून जातो, कीं अर्ध्या तासाच्या वाटेस दीड तास लागावा. पहिल्या तासास उशीर झाला कीं हजेरी बुडते. हजेरी ठरलेल्या टक्क्यांहून खालीं आली कीं परीक्षेस बसण्याची अडचण येते. ज्या मुलाचे दिवसाचे तीन तास रस्त्यांत जातात, त्याचे गुण ज्याचे घर कॉलेजाशेजारीं आहे त्याच्या गुणांशीं ताडून पाहणें हा अन्याय आहे, हें आईबापांनीं ध्यानांत ठेवलें पाहिजे.

कमाई आणि अभ्यास

औद्योगिक पट्ट्यांतील विद्यार्थ्याचें एक वैशिष्ट्य म्हणजे कमाई त्याच्या अगदीं हाताशीं असते. हें वैशिष्ट्य एकाच वेळीं वरदान आणि धोका आहे.

वरदान कसें, तें प्रथम पाहूं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हां विद्यार्थ्यानें आपल्या श्रमांनीं शिकावें हें तत्त्व त्यांनीं पायाशींच घातलें. त्यांच्याच नांवानें आज पुणें विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कॉलेजांतून चालते. गरजू विद्यार्थ्यानें ग्रंथालयांत, कार्यालयांत किंवा बागेंत रोज कांहीं तास काम करावें व त्याचा तासाप्रमाणें मोबदला घ्यावा, अशी तिची रचना आहे. रक्कम थोडी असली, तरी खाणावळीच्या खर्चास तिचा हातभार लागतो, आणि काम कॉलेजाच्या आवारांतच असल्यामुळें अभ्यासाशीं त्याचा विरोध येत नाहीं. दुसरा मार्ग उमेदवारीचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें कारखान्यांत विद्यावेतन घेऊन काम शिकण्याची सोय झालेली आहे, आय्. टी. आय्. व डिप्लोमा झालेल्या मुलांस या पट्ट्यांत तिचा चांगला उपयोग होतो.

धोका तिसऱ्या मार्गांत आहे. कंत्राटदारामार्फत रात्रपाळी करावयाची आणि सकाळीं कॉलेजांत येऊन बसावयाचें, असें करणारीं मुलें थोडीं नाहींत. हातीं रोख पैसा येतो, घरीं चार पैसे धाडतां येतात, नवा मोबाईल येतो. पहिल्या सत्रांत दोन विषय मागें राहतात, दुसऱ्यांत चार. आणि एके दिवशीं मुलगा कॉलेजांत जाण्याचें बंद करतो. कंत्राटी काम मात्र कायम होत नाहीं. अशा वेळीं ‘मुलगा आळशी निघाला’ हा निवाडा फार सोपा आहे. खरी गोष्ट ही असते, कीं त्यानें आळसानें नव्हे, अतिश्रमानें शिक्षण सोडलेलें असतें. नोकरी हीच ज्याची प्रथम गरज आहे, त्यास नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उघडें आहे. काम करीत करीत पदवी घेण्यासाठींच तें काढलेलें आहे. एकाच अंगावर दोन पूर्ण वेळांचीं ओझीं घेण्यापेक्षां तो मार्ग अधिक शहाणपणाचा.

मुलींची वाट

या सर्व अडचणी मुलींस दुप्पट सोसाव्या लागतात. २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्र शासनानें ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, आर्थिक दृष्ट्या दुर्बल व मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. ही गोष्ट अभिनंदनीय आहे. परंतु फी माफ झाली म्हणून खोलीचें भाडें, डबा व प्रवास हे माफ होत नाहींत; आणि मुलीच्या शिक्षणाचा निकाल घरोघर बहुधा याच तीन गोष्टींवर लागतो. संध्याकाळचें प्रात्यक्षिक साडेपांचास सुटतें. तेथून थांब्यापर्यंत चालणें, बसची वाट पाहणें, गर्दींत उभें राहणें आणि अंधारांत घराकडील रस्ता तुडविणें, एवढें रोज करूनही घरांत शिरतांच तिला ‘इतका उशीर कां?’ हाच प्रश्न ऐकावा लागतो. मुलास त्याच वेळीं ‘दमलास, चहा घे’ म्हणतात.

मग घरचीं वडील माणसें विचार करतात, कीं अभियांत्रिकी नको, जवळच्याच कॉलेजांत बी. कॉम. होऊं दे. कॉलेज जवळचें असणें वाईट नाहीं. पण मुलीची आवड व कुवत पाहून शाखा ठरावी, बसच्या वेळापत्रकावरून ठरूं नये. वेळापत्रकाचा प्रश्न वेळापत्रकासारखाच सोडवावा: एकाच भागांतून जाणाऱ्या चार मुलींच्या घरांनीं मिळून रिक्षा ठरवावी, किंवा परीक्षेच्या दिवसांत तरी कॉलेजाजवळ राहण्याची सोय करावी.

जें वर्गांत मिळत नाहीं

एवढें सारें वाचून असें वाटेल, कीं विद्यार्थिदशा म्हणजे केवळ हालअपेष्टा. तसें मुळींच नाहीं. याच मुलांस जें मिळतें तें पुढें आयुष्यभर पुरतें, आणि तें बहुधा वर्गाबाहेरच मिळतें.

पुण्यास महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, म्हणजे पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू आहे. फिरोदिया करंडक १९७४ पासून. पावसाळा लागला, कीं वर्ग सुटल्यावर कॉलेजाच्या रिकाम्या दालनांत तालमी सुरू होतात. त्यांत रंगमंचावर येणारीं मुलें थोडीं. दिवे, ध्वनि, नेपथ्य, कपडे सांभाळणारीं पुष्कळ. यंत्रशाळेंत अबोल असणारा एखादा मुलगा येथें सुतारकाम व विजेची जोडणी करतां करतां चाळीस जणांत बोलावयास शिकतो.

अभियांत्रिकीच्या मुलांचा दुसरा छंद या पट्ट्यास विशेष शोभणारा आहे. मोटार-अभियंत्यांच्या संघटनेची ‘बाहा’ नांवाची स्पर्धा भारतांत होते. तींत विद्यार्थ्यांनीं स्वतः आराखडा काढून खडबडीत जमिनीवर धांवणारी एका माणसाची गाडी तयार करावयाची असते. तिची कसोटी पुष्कळ वर्षें इंदुराजवळ पिथमपूर येथें झाली आहे. अशी गाडी बांधावयाची म्हणजे नळ्या वांकविणें, सांधे वितळजोड करणें, सुटे भाग मिळविणें आणि त्यासाठीं पैसे उभे करणें आलें. भोसरी व चाकण येथील वर्कशॉपें हाकेच्या अंतरावर असल्यानें येथल्या मुलांस हें शिक्षण जितकें सहज मिळतें तितकें क्वचितच कोठें मिळत असेल. लेथवर तीस वर्षें काम केलेला कामगार आणि तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एकाच तुकड्यावर डोकें खपवितात. त्या दोन तासांत मुलास जें कळतें, तें कागदावरच्या उदाहरणांत कळत नाहीं.

अशा उद्योगांत रमणाऱ्या मुलाविषयीं घरीं तक्रार असते, कीं ‘नाटकाच्या पायीं अभ्यास सोडला’. अतिरेक झाला तर ती तक्रार खरीही असते. परंतु परगांवीं एकट्या पडलेल्या मुलास माणसें जोडून देणारें असें दुसरें साधन नाहीं. कॉलेज, खोली आणि मोबाईल या तीन टोकांत ज्याचा दिवस संपतो, त्याची अधिक काळजी करावयास हवी. त्याचे गुण चांगले असतील; पण तो आजारी पडला तर डॉक्टरकडे नेणारें कोणी असेल कीं नाहीं, याची खात्री नसते.

वार लावून जेवणारे

येथें जुन्या पुण्याची आठवण होणें साहजिक आहे. परगांवचा गरीब विद्यार्थी विद्येसाठीं पुण्यास येई, तेव्हां सात घरीं सात वार लावून जेवत असे. कोणी माधुकरी मागत असे. ज्या घरीं सोमवार, त्या घरच्या बाईस त्याचें सोमवारीं न येणें लगेच कळे. अन्नाबरोबर त्यास विचारपूस मिळे, वेळप्रसंगीं कानउघाडणीही मिळे. या रीतीचें कौतुक करतांना तिची दुसरी बाजू झांकून ठेवूं नये. ही सोय बहुधा ब्राह्मण मुलांपुरतीच होती, आणि कांहीं घरांत त्या मुलांसही उपकाराचे शब्द गिळूनच जेवावें लागे. इतर जातींच्या मुलांनीं कोठें जावें? या प्रश्नास उत्तर म्हणून राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें उभीं करविलीं, आणि भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं.

पुण्यांतही हा विचार वाढत गेला. १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें. तेंच पुढें पुणें विद्यार्थी गृह झालें. १९५५ सालीं डॉ. अच्युतराव आपटे यांनीं विद्यार्थी सहाय्यक समिति स्थापन केली. खेड्यांतून आलेल्या गरजू मुलामुलींस अल्प खर्चांत राहण्या-जेवण्याची सोय करणें आणि त्यांच्याकडून श्रमाचीं व स्वावलंबनाचीं कामें करवून घेणें, हें तिचें कार्य आजही चालू आहे. आणखी मागें गेलें, तर १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाईंनीं मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेंत तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यांत. एका गृहस्थानें आपल्या वाड्यांतली जागा दिली, म्हणून ती शाळा उभी राहिली; आणि त्या शाळेंतल्या शिक्षिकेचें नांव आज आपल्या विद्यापीठास आहे. घरानें विद्येस जागा देणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे.

घरांनीं काय करावें

आज खाटेचें भाडें घेतलें, कीं घरमालकाचा विद्यार्थ्याशीं संबंध संपतो. तो केवळ व्यवहाराचा आहे, आणि व्यवहार चोख असावा हेंही खरें. भाड्याचा लेख करावा, पोलिसांकडे नोंद करावी, अनामत ठरल्या दिवशीं परत द्यावी. पण त्याखेरीज चार गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत.

पहिली आईबापांसाठीं. प्रवेश घेतांना कॉलेजाची इमारत पाहतां, तशी राहण्याची खोलीही पाहावी, आणि पावती घेण्यापूर्वीं एकदां त्या खाणावळींत मुलाबरोबर जेवावें. शक्य असेल तेथें पहिलें वर्ष तरी वसतिगृहांत काढूं द्यावें. गुण विचारण्याच्या आधीं ‘जेवतोस कोठें, झोंपतोस किती, तुझा मित्र कोण?’ हें विचारावें. आणि एखादा विषय मागें राहिला, तर मुलगा ती गोष्ट घरीं न घाबरतां सांगूं शकेल एवढी मोकळीक ठेवावी. कारण लपविलेलें अपयशच पुढें भारी होतें.

दुसरी घरमालकांसाठीं. दोन खाटा कमी मांडल्या आणि एक मेज व एक दिवा अधिक दिला, तर भाड्यांत थोडी खोट येईल. पण तेथें राहणाऱ्याचें वर्ष वांचेल.

तिसरी घरांतील निवृत्त मंडळींसाठीं. निगडी-प्राधिकरणासारख्या वसाहतींत कारखान्यांतून निवृत्त झालेले अभियंते, हिशेबनीस, शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकीं प्रत्येकानें आठवड्यांतून दोन तास आपल्या इमारतींतल्या मुलांस दिले, तर ज्या गणितासाठीं तीं क्लासला पैसे मोजतात, तें घरबसल्या सुटेल. खेड्यांतून आलेल्या मुलास इंग्रजी अर्ज कसा लिहावा, मुलाखतीस कसें बसावें, हें सांगणारें कोणी नसतें. तें सांगावयास मोठी विद्वत्ता लागत नाहीं.

चौथी गृहिणींसाठीं आणि त्यांस मदत करणाऱ्या सर्वांसाठीं. जुने सात वार आतां कोणास लावतां येणार नाहींत. घरें लहान झालीं आणि घरांतल्या बायकाही नोकरीस जातात. पण एक वार लावतां येईल. रविवारीं रात्रीं खाणावळ बंद असते, हें वर सांगितलेंच आहे. आपल्या इमारतींत राहणाऱ्या एका मुलास किंवा दोन मुलींस त्या रात्रीं आपल्या पंक्तीस बसवावें. त्याची जात विचारूं नये, उपकार दाखवूं नये, निराळें कांहीं रांधूं नये. पिठलें-भात असेल तर पिठलें-भातच वाढावा. जेवतांना घरांतल्या मुलांशीं त्याचें बोलणें होईल, त्याच्या गांवच्या पावसापाण्याची चौकशी होईल, आणि एखाद्या रविवारीं तो आला नाहीं तर कोणीतरी जिना चढून त्याचें दार वाजवील.

विद्यापीठाचें काम विद्यापीठ करीलच. वसतिगृहें वाढविण्याचा आग्रह शासनापाशीं व संस्थांपाशीं धरलाच पाहिजे. तीं वाढेपर्यंत या येत्या रविवारीं शेजारच्या खोलींतला मुलगा काय जेवणार, एवढी चौकशी प्रत्येक घरास आजही करतां येईल.